टाऊन हॉलात महादेव सापडला नाही

ज्या गावी मी आणि माझे वडील जाऊन आलो, त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. गाव आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातलं आहे, मोठं आहे, आणि तिथला जुना टाऊन हॉल खरोखर पाहण्यासारखा आहे. पण ज्या कामासाठी आम्ही गेलो त्याचा निकाल अजून लागलेला नाही, आणि माझ्या लिहिण्याने कुणाचं मन फिरेल अशी मला भीती वाटते. वाचणाऱ्याला ही भीती जरा जास्तच वाटेल. काय करणार, सगळ्या प्रवासात ती माझ्या शेजारीच बसून होती.

आम्ही झरी जामणी तालुक्यातले कोलाम आदिवासी. आमच्या वस्तीला पोड म्हणतात. आमच्या पोडावरून पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. आश्रमशाळेतल्या बाई, वसतिगृहाच्या मावशी आणि फॉर्म भरायला शिकवणारे कॉलेजचे सर, या तिघांचे उपकार माझ्यावर आहेत. त्यांच्यामुळेच मला सरकारी खात्यात लिपिकाची नोकरी लागली. नेमणुकीच्या पत्रात मात्र एक अट होती. जातीची पडताळणी करून ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र द्यायचं, नाहीतर नेमणूक रद्द. पडताळणीसाठी स्वातंत्र्याच्या आधीचा एखादा कागद हवा, ज्यात घराण्यातल्या कुणाची तरी जात लिहिलेली आहे. आमच्या पोडावर कागद म्हणजे माझी पुस्तकं. त्याआधी तिथे कोण काय लिहिणार?

माझी आजी, म्हणजे बाबांची आई, एवढंच सांगू शकली, "तुया आबा मोठ्या गावात जलमला. टाऊन हॉल बांधून राह्यले होते, तवा त्याचे मायबाप तिथं कामावर होते."

आबा बाबांच्या लहानपणीच वारले. आबांचे वडील तर बाबांनी पाहिलेलेही नाहीत. त्यांचं नाव आमच्या वंशावळीत 'महादेव' असं लिहिलेलं आहे. पोडावर पूर्वी दाखल्यांचं शिबिर झालं, तेव्हा आलेल्या एका माणसाने आजीला विचारून ते लिहून घेतलं होतं. एवढ्या सामानावर आम्ही निघालो. मुदतीचे वीस दिवस उरले होते.

गुरुवार

दिवाळी होऊन गेली होती. पांढरकवड्यापर्यंत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, आणि वेचणाऱ्या बाया खिडकीतून मागे मागे जात होत्या. एरवी मी ते बघत बसले असते. त्या दिवशी दर दहा मिनिटांनी पिशवीतली फाईल चाचपत होते. बाबा म्हणाले, "अंडी घातली काय व त्या फाईलीत? सारखी कायले पाहून राह्यली?"

पांढरकवड्याच्या स्टँडवर मी तर्री पोहे घेतले. बाबा हॉटेलात खात नाहीत. त्यांनी धडप्यात बांधलेली भाकर आणि जवसाची चटणी काढली, आणि माझ्या बशीतली लाल तर्री पाहून म्हणाले, "हे खाऊन साहेबापुढं जाशीन, तर डोळ्यातून पाणी येईन. त्याले वाटन, रडून राह्यली." पोहे अर्धे तसेच राहिले. तर्रीचं नुसतं निमित्त.

टाऊन हॉल दुपारी बारा वाजता पाहिला. मोठ्या फाटकातून आत गेलं की एक लांब सरळ वाट, दोन्ही बाजूंना चिंचेची आणि कडुनिंबाची झाडं, मधोमध कोरडं कारंजं, आणि त्याच्यामागे ती इमारत. खाली काळा दगड, वर लाल विटा, त्यावर उतरतं कौलारू छप्पर. समोर सहा खांबांची पडवी. दारं इतकी उंच की आमच्या घरावर घर ठेवलं तरी आत जाईल. झाडांखाली पोरंपोरी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसली होती. त्यांना पाहून जरा धीर आला.

आमच्या पोडाच्या मधोमध चावडी असते. चार लाकडी खांब, वर गवत, बाजूंना काहीच नाही. तिथे कुणी बोलत असला की घरी भाकर थापणाऱ्या बाईलाही ऐकू जातं, आणि पटलं नाही तर ती तिथूनच उत्तर देते. इथेही पूर्वी गावाच्या सभा भरायच्या, असं दारावरच्या फलकावर लिहिलेलं होतं. पण एवढ्या जाड भिंतींतून आतलं बाहेर कसं ऐकू येत असेल, आणि बाहेरचं आत?

पायऱ्यांपाशी मी मागे वळून पाहिलं, तर बाबांनी चपला काढलेल्या.

"बाबा, देऊळ नाही हे."

"असू दे न. फरशी पाह्य कशी चमकते."

तेवढ्यात पहारेकरी काका आमच्याकडे झपाझप आले. वाटलं, चुकलंच काहीतरी. ते जवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "इथं जोरानं बोलू नका. वर पाहा."

वर पाहिलं. पडवीच्या छज्ज्याखाली आग्या मोहोळाची पाच पोळी लटकत होती, एकेक सुपाएवढं. त्यांच्या अंगावरून काळी लाट जावी तशा माश्या हलत होत्या. खांबाला पाटी होती : 'शांतता राखा.'

"मागं एक वरात आलती इथं फोटो काढाले," काका कुजबुजले. "बँडवाल्यानं एकच फुंक मारली. नवरदेव कारंज्यात सापडला."

बाबांच्या डोळ्यांत भीती नव्हती. कुणी ताटाकडे पाहावं तसे ते मोहोळाकडे पाहत होते. "त्या तिसऱ्यात मध भरला हाय," ते म्हणाले. काकांनी त्यांचा दंड धरून आत घेतलं.

आत आल्यावर बाबांनी एका खांबावर हात फिरवला, नाक लावलं आणि म्हणाले, "सागवान. आपल्याकडचंच."

"कशावरून?"

"तुले नाई समजणार. तू शिकलेली हायेस."

जुन्या जन्म-मृत्यूच्या वह्या वरच्या मजल्यावर होत्या. तिथल्या मॅडम पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला. मी उभी राहून पाठ केलेलं सगळं एका दमात सांगितलं. त्या म्हणाल्या, "बस माय आधी. श्वास घे. मी काही खात नाही." पण मला बसवेना. दोन महिन्यांनी मला अशाच खुर्चीत बसायचं होतं, आणि आज त्या खुर्चीसमोर मी फाईल छातीशी धरून उभी होते.

जन्माचं साल आम्हाला माहीत नव्हतं. मॅडमनीच विचारलं, "खाली कोनशिला पाहिली का? हॉल बांधायला कधी घेतला, कधी उघडला, दोन्ही सालं आहेत तिच्यावर." मी धावत खाली जाऊन पाहून आले. दगडावर सालं होती, उद्घाटन करणाऱ्या साहेबाचं नाव होतं, ठेकेदाराचंही होतं. त्या सालांच्या तीन वह्या मॅडमनी काढल्या. पानं पापडासारखी. त्या लाकडी पट्टीने पान उलटायच्या आणि बोट न लावता वाचायच्या.

"त्या काळी मुलाचं नाव लिहीतच नव्हते," त्यांनी समजावलं. "फक्त 'मुलगा' नाहीतर 'मुलगी'. पुढे बापाचं नाव, जात, धंदा, ठिकाण. तेव्हा तुझ्या आबांचं नाव यात मिळणार नाही. त्यांच्या वडिलांच्या नावावरूनच शोधायचं. काय नाव?"

"महादेव."

महादेव नऊ निघाले. त्यात माळी होते, तेली होते, कुणबी होते. कोलाम एकही नव्हता. दुसऱ्या वहीत एका ठिकाणी मॅडम थांबल्या. "कोलाम आहे एक. पण हा सोमा. तुमचा नाही." त्यांनी पान उलटलं. मीही मान हलवली. सोमा नावाचं आमच्या घराण्यात कुणी नव्हतं.

पाच वाजले. एक वही उरली होती.

मुक्काम माझ्या वर्गमैत्रिणीकडे, शबानाकडे होता. तिच्या अब्बांचं गॅरेज आहे. जेवताना ते बाबांना म्हणाले, "भाऊ, पोरगी का बरं घाबरते इतकी? इंजन खोललं तरच बिघाड दिसते." बाबा म्हणाले, "खोललं. बिघाडच सापडून नाई राह्यला." दोघं हसले. मला हसू आलं नाही.

शुक्रवार

उरलेली वही दुपारी तीनपर्यंत संपली. नाही सापडला.

मॅडमनी चष्मा काढला. त्यांनाच वाईट वाटलेलं दिसत होतं. "उद्या-परवा सुट्टी आहे. सोमवारी या. मागच्या-पुढच्या सालाच्या वह्या काढून ठेवते. पण माय, आशा जास्त ठेवू नको."

मी खाली आले. माझ्या डोळ्यांपुढे ते पत्र होतं, आणि त्यातला 'रद्द' हा शब्द. पोडावर सगळ्यांना पेढे वाटून झाले होते. आश्रमशाळेच्या बाईंनी माझं नाव फळ्यावर लिहिलं होतं. ते आता पुसायला कोण सांगणार?

बाबा म्हणाले, "बुढीले फोन लाव. वाट पाहत असन." आवारात सगळीकडे फिरले, रेंज कुठेच नव्हती. होती ती नेमकी पडवीसमोर, मोहोळांच्या खाली. आजीकडे शेजारच्या वहिनीचा फोन, आणि आजीला ऐकू कमी येतं.

मी तोंडावर ओढणी धरून हळू बोलले, "आजी, नाही सापडलं."

"काय?"

"नाई सापडलं!"

"जोरानं बोल न व!"

वरची एक काळी लाट हलली. पहारेकरी काका दुरून दोन्ही हात हलवू लागले. बाबा शांतपणे वर पाहत म्हणाले, "बोल तू. वारा नाई, धूर नाई. उगीच नाई उठत त्या." बाबांनी लहानपणापासून मध काढलेला आहे. पण त्यांच्या पोळ्याला कौलारू छप्पर आणि पाटी नसते.

"पुन्हा यावं लागते!" मी ओरडले. "सोमवारी!"

"कवा?"

"सोमवारी! सोमवारी!"

मला वाटलं, फोन कटला. मग आजीचा आवाज आला, खाली गेलेला, रागावलेला. "असं नाव नको घेऊ पोट्टे. महादेवाच्या वारी म्हण."

"कोणाचं नाव घेतलं मी?"

"घेतलं न आता. तीनदा घेतलं. जोरानं."

"मी वार सांगून राह्यली, आजी!"

"वार काय न् माणूस काय, तोंडातून तर थेच निघते न."

मी सहाव्या वर्षापासून आश्रमशाळेत आणि मग वसतिगृहात राहिले. घरच्या कितीतरी गोष्टी मला पाहुण्यासारख्या कळतात. आमच्या घरातल्या बाया सोमवारला महादेवाचा वार म्हणतात हे मला माहीत होतं. मला वाटायचं, भक्तीने म्हणतात. सासऱ्याचं नाव सून तोंडाने घेत नाही, त्या नावासारखा दुसरा शब्दही घेत नाही, हे मी दुसऱ्यांच्या घरचं म्हणून ऐकलं होतं. दोन्ही गोष्टी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

"आजी," मी विचारलं. माझा आवाज आपोआप हळू झाला होता, तरी या वेळी तिला ऐकू गेलं. "तुया सासऱ्याचं नाव काय?"

"सांगतलं न मागं त्या लिहिणाऱ्याले. महादेवाच्या वाराचं."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनीही फोनला कान लावला होता; कालच्या वहीतलं नाव त्यांनी फक्त ओठांनी म्हटलं. सोमा.

मी पायऱ्या कशा चढले मला आठवत नाही. मॅडम कपाट लावत होत्या. "मॅडम, तो सोमा," मी म्हणाले, आणि कपाटाकडे बोट केलं. बाबांनी मागून येऊन सगळं सांगितलं. मॅडम आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांनी दुसरी वही काढली, पट्टीने ते पान उलटलं आणि वाचलं :

"मुलगा. बाप सोमा. जात कोलाम. धंदा मजुरी. ठिकाण, टाऊन हॉलचे आवार."

बाबांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग ते खिडकीशी गेले आणि खाली पाहत उभे राहिले. खाली चिंचा होत्या, पुस्तकं घेऊन बसलेली पोरं होती. कामकऱ्यांच्या झोपड्या कुठल्या बाजूला असतील ते आता कोण सांगणार? पण त्या फाटकाच्या आत कुठेतरी माझा आबा जन्मला होता. दोन दिवस मी त्या आवारात चोरासारखी वावरले होते.

आनंद व्हायला हवा होता. झाला, पण लगेच दुसरी भीती आली. मला नोकरी पाहिजे म्हणून मी वाटेल त्या सोमाला पणजोबा तर करत नाही ना? मॅडम माझ्या मनातलंच बोलल्या. "मी नक्कल देते. पण तुमच्या कागदावर महादेव आहे. दोघं एकच, हे आजींना तुमच्या तहसीलच्या साहेबापुढे सांगावं लागेल. आणि एक ऐक. नाव त्यांना सुचवायचं नाही. विचारतील तेव्हा त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. तू मध्ये बोललीस तर साहेब म्हणेल, पढवून आणली."

"त्या नाव घेत नाहीत, मॅडम."

"तेच तर," त्या म्हणाल्या.

बुधवार, आमच्या तालुक्याला

घरी आल्यावर मी आजीला सगळं समजावून सांगितलं, फक्त ते नाव सोडून. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "जे कवा केलं नाई, थे मले नको सांगू." आई म्हणाली, मेलेल्या माणसाचं नाव घेतलं तर त्याचं काय वाईट होणार? आजी म्हणाली, "त्याचं नाई होत. आपलं भेव आपल्याले." मग तिने विषयच बंद केला. पण बुधवारी सकाळी मी उठले तेव्हा ती धुतलेलं लुगडं नेसून दारात बसली होती.

तहसीलच्या खोलीत आम्हाला दोन तास बसावं लागलं. आजीने आयुष्यात पहिल्यांदा पंखा इतक्या जवळून पाहिला आणि तो पडेल म्हणून सरकून बसली. साहेब तरुण होते, बोलायला चांगले. त्यांनी नकलेचा कागद पाहिला, वंशावळ पाहिली आणि पेन उघडलं.

"आजी, तुमच्या सासऱ्याचं नाव सांगा."

आजीने पदर पुढे ओढला. "महादेवाच्या वाराचं."

"महादेव?"

साहेबांचं पेन कागदाला लागलं. मला दिसत होतं, म, मग ह. मॅडमनी बजावलं होतं, बोलायचं नाही. मी बाबांचा हात धरला. असंच, अगदी असंच, पूर्वी एकदा लिहिलं गेलं असणार. विचारणाऱ्याचा दोष नाही, सांगणारीचा नाही.

आजीला वाचता येत नाही. पण ती त्या पेनाकडे पाहत होती, आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे.

"नको लिहू बाप्पा," ती एकदम म्हणाली. साहेब थांबले. आजीने तोंड भिंतीकडे वळवलं, पदर पुरता ओढून घेतला, आणि आतून आवाज आला. "सोमा."

"काय? जरा मोठ्याने."

"सोमा!" आजी इतक्या जोरात म्हणाली की बाहेरच्या बाकावरचे लोक डोकावले. "झालं न? आता पुन्हा नको विचारू."

साहेबांनी लिहिलेलं खोडलं, नवीन लिहिलं, खाली आजीचा अंगठा घेतला.

बाहेर आल्यावर आजी दोन ग्लास पाणी प्यायली आणि तिसऱ्याने तिने तोंड धुतलं. मी तिच्याजवळ पायरीवर बसले.

"भेव लागलं काय व आजी?"

"लागलं न."

"मग कशी बोलली?"

ती पदराने तोंड पुसत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुयं भेव मोठं होतं."